मुंडाशाचा सांधा

पडद्यावर माझं नाव येतं तेव्हा लोक अंधारात खुर्ची चाचपत असतात. केशभूषेच्या खाली आणि आभारांच्या वर, बारीक अक्षरांत 'कंटिन्यूटी' आणि पुढे मी. आमच्या घरच्यांनी ते एकदाच पाहिलं, तेही मी अर्धवट उभा राहून बोट दाखवलं म्हणून. मागचा माणूस 'ओ, बसा की खाली' म्हणाला. मुलांना माझ्या नावापेक्षा ते जास्त लक्षात आहे.

हा धंदा काय आहे ते दोन वाक्यांत सांगतो. सिनेमा सरळ ओळीने घेत नाहीत. माणूस दार ढकलतो ते आज जंगलात, आणि आत खोलीत पाऊल टाकतो ते दोन महिन्यांनी कोल्हापूर-पुण्याकडच्या एखाद्या स्टुडिओत. दार ढकलताना कुऱ्हाड उजव्या खांद्यावर असेल तर आत आल्यावरही ती उजव्याच खांद्यावर हवी. विडी किती जळली होती, सदऱ्याची कितवी गुंडी उघडी होती, लुगड्याचा पदर कुठे खोचला होता, हे सगळं एक माणूस वहीत टिपत बसतो. तो मी. जिथे दोन तुकडे जोडले जातात त्याला माझे गुरू 'सांधा' म्हणत. सांधा दिसला नाही म्हणजे माझं काम चोख. थोडक्यात, माझं काम चोख झालं तर मी काही केलं हे कुणाला कळत नाही, आणि चुकलं तर सगळ्या थेटराला कळतं. बायकोचं मत निराळं आहे. ती म्हणते, "स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते ज्यांना सापडत नाही त्यांना लोकांच्या गुंड्या मोजायला कोणी ठेवलं?"

संपादकांचं पत्र आलं, दिवाळी आहे, धंद्यातली एखादी गंमत लिहा. एक गंमत आहे. घरी पाहुणे आले की मुलं ती मला सांगायला लावतात. लटारी भाऊच्या मुंडाशाची. मी सांगतो, लोक हसतात, मग चहा येतो. ती गोष्ट मी नेहमी एका ठिकाणी थांबवतो. आज त्याच्या पुढे जाईन म्हणून बसलो आहे. जमेल असं नाही.

*

छप्पन्न साली आमचा विदर्भ मध्य प्रदेशातून नव्या द्विभाषिक मुंबई राज्यात आला त्यानंतरच्या हिवाळ्याची गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत, आणि गडचिरोली ही त्याच जिल्ह्याची एक तहसील होती. मी पोंभुर्ण्याला शाळामास्तर होतो. शिवाय नाटककार. म्हणजे धान निघाल्यावर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत जी नाटकं होतात त्यांतली तीन मी लिहिली होती, आणि तिन्हींत शेवटी सगळे मरत. लोक रडत. मला वाटे आपण थोर आहोत.

त्या वर्षी बल्लारशाला रेल्वेतून एक सिनेमा कंपनी उतरली. पेट्या, फळ्या, दोन जीपगाड्या आणि थंडीची कल्पना नसलेली वीस माणसं. राज्यात नवं जंगल आलंय म्हटल्यावर कुणा निर्मात्याला जंगलाचा सिनेमा सुचला होता. पोंभुर्ण्यापासून चार मैलांवर तलावाच्या काठी त्यांनी तंबू ठोकले. त्यांना इथली भाषा जाणणारा माणूस हवा होता. मी रजा टाकली आणि गेलो.

दिग्दर्शक होते घोरपडे. खुर्ची, कानटोपी, भरदार आवाज. वाईट माणूस नव्हता. फक्त त्यांना सूर्याखेरीज कुणाचीच फिकीर नसे. आणि पटकथा लिहिणारे होते वेर्णेकर. बारीक, कायम खोकणारे, कोटाच्या खिशात खडीसाखर. तेच संवाद लिहीत, तेच कंटिन्यूटी सांभाळत, कारण कंपनीला दोन माणसं परवडत नव्हती. मी आल्यावर त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही नाटकं लिहिता म्हणे. मग पहिल्यापासून शिकावं लागेल."

मी माझं तिसरं नाटक त्यांना वाचायला दिलं होतं. त्यांनी एक ओळ दाखवली. 'त्याच्या मनात दुःखाचा डोंगर कोसळला.'

"हे कॅमेऱ्याने कसं घ्यायचं?"

मी म्हटलं, "नट चेहऱ्यावर दाखवील."

"डोंगर?" ते म्हणाले. "मास्तर, दिसेल तेवढंच लिहा. दुःख झालं म्हणजे माणूस काय करतो ते लिहा. पाणी प्यायला उठतो, प्यायचं विसरतो, तांब्या घेऊन उभा राहतो. एवढं पुरे. डोंगर प्रेक्षक आणतील आपापल्या घरून."

दुसरा धडा संवादाचा. मी एका म्हाताऱ्याचं बोलणं दीड पान लिहून नेलं होतं. त्यांनी पेन्सिलीने ते कापत कापत एका ओळीवर आणलं. म्हणाले, "माणूस दहा वाक्यं बोलतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं एक. ते तुम्ही शोधा आणि बाकीची सोडा." मला हा धडा इतका आवडला की घरी पत्रंही मी एका ओळीची लिहू लागलो. वडिलांनी उलट लिहिलं, तब्येत बरी आहे ना.

तिसरा धडा आमच्या भाषेचा. मी एका पात्राच्या तोंडी घातलं होतं, 'लेक धान कापून राह्यली.' वेर्णेकरांनी विचारलं, "कापून झालं? मग राहिली कुठं?"

मी म्हटलं, "नाही साहेब, कापते आहे. अजून कापते आहे. आमच्याकडे असंच म्हणतात. मी जेवून राह्यलो म्हणजे जेवतो आहे."

ते खोकेपर्यंत हसले. "आमच्याकडं जेवून राहिला म्हणजे ताट घासायला टाकलं. नको. 'मले-तुले' चालेल, गोड वाटतं. पण हे 'राह्यलो' सगळं काढा. पुण्याचा प्रेक्षक उलटा अर्थ घेईल."

मी सगळी पटकथा चाळून 'राह्यला-राह्यली'ची यादी केली. बेचाळीस निघाले. सगळे बदलले. आणि खरं सांगतो, बदलताना बरं वाटलं. आपण शुद्ध होतो आहोत असं वाटलं.

*

आता लटारी भाऊ.

सिनेमात एक म्हातारा होता, नायिकेचा आजा. त्या कामाला आणलेला नट चौथ्या दिवशी हिवतापाने कुडकुडू लागला आणि जीपमध्ये आडवा होऊन बल्लारशाला गेला. त्याच दिवशी लटारी भाऊ बैलबंडीतून सरपण घेऊन तळावर आला. साठीचा, उंच, वाळल्या बांबूसारखा. डोक्याला पांढरं मुंडासं, अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर. घोरपडे त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "याला विचारा. पोशाखसुद्धा आणायला नको."

मी विचारलं. लटारी म्हणाला, "कराचं काय आहे त्यात?"

"चालायचं. बसायचं. दाराकडे बघायचं."

"थे तं मी रोजच करतो. त्याले लोकं पाह्यतीन?"

त्याच्या तोंडी पुढे स्टुडिओत दुसऱ्याचा आवाज भरणार होते, त्यामुळे तो काय बोलतो याला महत्त्व नव्हतं. ओठ हलले की झालं. एका प्रसंगात त्याला नातीला आशीर्वाद द्यायचा होता, तिथे तो तिला बैलांच्या खुरांना काय झालंय ते सविस्तर सांगत असे. पण चालायचा असा की वेर्णेकर वही बाजूला ठेवून बघत. शेजारच्या गोंड गावातली माणसं दोन दिवस शूटिंग बघायला आली आणि एकच माणूस एकाच घरातून पाच वेळा बाहेर येतो हे पाहून परत गेली.

त्याचं मुंडासं मात्र माझ्या जिवावर उठलं. तो ते दिवसातून चारदा सोडी. जेवताना हात पुसायला, दुपारी उशाला, बैलांची धूळ झटकायला. पुन्हा बांधी तेव्हा त्याचं टोक कधी उजव्या खांद्यावर येई, कधी डाव्या. माझ्या हे लक्षातच आलं नाही. दोन आठवड्यांनी स्टुडिओकडून पत्र आलं. धुतलेली फिल्म बघून त्यांनी विचारलं होतं की म्हातारा घरात शिरतो तेव्हा मुंडाशाचं टोक उजवीकडे, बाहेर येतो तेव्हा डावीकडे. आत त्याने नेमकं काय केलं?

घोरपड्यांनी ते पत्र सगळ्या तळासमोर मोठ्याने वाचलं. मी मास्तर माणूस, दुसऱ्यांना उभं करायची सवय. त्या दिवशी मी स्वतः उभा. मग मी लटारी भाऊला घेऊन बसलो आणि समजावलं की टोक रोज उजवीकडेच हवं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"काऊन?"

"लोक विचारतील, घरात जाऊन म्हाताऱ्याने मुंडासं का बदललं."

"मास्तर," तो म्हणाला, "घरात जाऊन मानूस मुंडासं सोडत नाई काय? मंग घर असते कायले?"

घरी मी इथे थांबतो. लोक हसतात. चहा येतो.

*

त्या दिवसापासून मी मुंडाशाचा पहारेकरी झालो. वहीत दर शॉटला त्याचं डोकं काढायचो आणि टोकापाशी बाण. लटारीही सांभाळू लागला. शॉटच्या आधी लांबूनच मला खांदा दाखवी आणि मी मान हलवी. आमचा तो एक खेळच झाला होता.

त्याचं गाव तळापासून बारा मैल, मध्ये जंगल आणि एक नाला. आठवड्यातून एकदा तो घरी जाऊन येई. घरी फक्त बायको, सायत्राबाई. मी तिला एकदाच पाहिलं होतं, तळावर लटारीसाठी जवसाची चटणी घेऊन आली होती. शूटिंग बघून म्हणाली, "बुढा घरी पन असाच बसून राह्यते, त्याले कोनी काही देत नाई."

शेवटच्या आठवड्यात तिला ताप भरला. लटारी तिला बघून परत आला होता, तिनेच पाठवलं म्हणाला, काम पुरं करून ये म्हणून. पण त्याचं लक्ष उडालं. शेवटच्या शॉटच्या आदल्या दिवशी गावाकडून निरोप आला आणि तो माझ्याकडे आला. मी तेव्हा घोरपड्यांच्या खुर्चीशेजारी वही घेऊन उभा होतो.

लटारी म्हणाला, "मास्तर, साहेबाले सांगा. बुढीचं काही खरं नाई. काल सांजेपासून अन्न घेतलं नाई म्हनते, पानी मागते आन् तोंडाशी नेलं की तोंड फिरवते. शेजारची बाई आहे तिच्यापाशी, पन थे माह्याच हातचं पेते. चाळीस वर्सं झाली, बिमार पडली का माह्याच हातचं पेते, मायच्या घरीबी नाई पेत. आज रातच्याले जातो, उद्या दुपारपावत येतो. बैल चांगले आहेत माहे."

घोरपड्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतोय?"

आता बघा. माझ्या समोर माणूस दहा वाक्यं बोलला होता, आणि मला त्यातलं एक शोधायला शिकवलं होतं. मी म्हटलं, "बायकोला बरं नाही, घरी जाऊन यायचं म्हणतो."

घोरपडे म्हणाले, "उद्या शेवटचा शॉट. उतरतं ऊन लागतंय. तो झाला की आपली जीप त्याला दारापर्यंत सोडील. बैलांच्या निम्म्या वेळात पोचेल, सांगा त्याला."

म्हणजे अडवणारा माणूसही वाजवी बोलला. मी लटारीला सांगितलं. त्याने जीपकडे पाहिलं, हिशेब केला आणि म्हणाला, "बरं." मी त्याचं पाणी कापलं होतं. तोंड फिरवते हे कापलं होतं, आणि उद्या दुपारपर्यंत परत येतो हेही. दिसणारं जेवढं होतं तेवढं सगळं कापून मी 'बरं नाही' ठेवलं होतं. वेर्णेकर तिथे असते तर म्हणाले असते, मास्तर, हे कॅमेऱ्याने कसं घ्यायचं?

*

दुसऱ्या दिवशीचा शॉट सोपा होता. कापून झालेल्या धानाच्या बांधीतून, धुऱ्यावरून म्हणजे शेताच्या बांधावरून, म्हातारा आपल्या घराकडे चालत येतो. ऊन कलतं. बस. या आधीचा तुकडा, तो जंगलातून बाहेर पडतो तो, आठवड्यापूर्वीच घेतला होता.

चारच्या सुमाराला लटारीच्या गावचा कोतवाल कारू तळावर आला. सायकल नाही, चालत. नाल्यातून आला होता, धोतर कमरेपर्यंत ओलं. कोतवाल माणसाची आयुष्यभराची सवय अशी की निरोप द्यायचा तो खुर्चीत बसलेल्या साहेबाला. मी तेव्हा पलीकडे, धुऱ्याच्या टोकाला लटारीला कुठून निघायचं ते दाखवत होतो. कारू घोरपड्यांशी बोलला आणि जाऊन मोहाच्या झाडाखाली बसला. थोड्या वेळाने घोरपड्यांनी मला बोलावलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "म्हाताऱ्याची बायको गेली. आत्ता सांगू नका. त्याच्याच्याने चालवणार नाही, आणि हे ऊन उद्या मिळायचं नाही. शॉट झाला की सांगू. जीप तयार ठेवलीय."

वेर्णेकर शेजारी होते. त्यांनी खिशातून खडीसाखर काढली आणि तशीच हातात धरून राहिले.

कारू माझ्यापासून पन्नास पावलांवर होता. त्याने मला ओळखलं, हात वर केला. लटारी बघत होता. मी गेलो तर त्याला शंका येईल असं वाटून मी कारूला हातानेच खूण केली, थांब. तो थांबला. तिकडे लटारीनेही कारूला पाहिलं होतं. मी धुऱ्यावर परत गेलो तेव्हा त्याने विचारलं, "कारू कायले आला?"

मी म्हटलं, "शूटिंग पाहायला."

पहिला शॉट पाच वाजण्याच्या आधीच झाला. लटारी इतका सुंदर चालला की कॅमेऱ्यावरचा माणूस मान हलवत राहिला. घोरपडे खुर्चीतून उठले. झालं होतं सगळं. मी वही मिटणार तेवढ्यात माझं लक्ष गेलं. टोक डाव्या खांद्यावर होतं. त्या दिवशी त्याने मला खांदा दाखवला नव्हता, आणि मीही विचारलं नव्हतं.

मी हात वर केला. "सांधा चुकला."

घोरपडे म्हणाले, "नक्की?"

मी वही उघडून बाण दाखवला. आठवड्यापूर्वीचं पान, उजवीकडे बाण. माझी वही त्या दिवशी पहिल्यांदा कंपनीच्या उपयोगी पडत होती. सगळ्यांसमोर माझं बरोबर ठरत होतं. लटारी घरी जायला खोळंबला आहे हे माहीत होतं; पण मला वाटत होतं की आता तिकडे उशीर असा राहिलेला नाही. गेलेल्या माणसाला घाई नसते, असं मी मनाशी म्हटलं. ते वाक्य मला बरं वाटलं, हेही लिहितो.

लटारीने मुंडासं सोडलं, पुन्हा बांधलं, टोक उजवीकडे टाकलं आणि धुऱ्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. तेवढ्यात ढगाचा एक तुकडा सूर्यावर आला आणि हलेना. आम्ही वीस माणसं माना वर करून उभे. ढग गेला तेव्हा साडेपाच होत आले होते. शॉट घेतला. टोक उजवीकडे.

मग घोरपड्यांनी स्वतः कानटोपी काढून लटारीच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "सांगा त्याला."

मी वही मिटली, पेन्सिल खिशात खोचली. लटारीने माझ्याकडे पाहिलं, मग सरळ कारूकडे चालत गेला. मी मागोमाग.

"कारू, काय झालं रे?"

कारू उठला. म्हणाला, "सायत्राबाई जाऊन राह्यली, भाऊ. सकाळपासून जाऊन राह्यली. तुमच्या हातचं पानी मागून राह्यली. मी साहेबाले आल्या-आल्याच सांगतलं."

लटारी जीपकडे पळाला. साठीचा माणूस, धोतर सावरत. कारू माझ्याकडे वळला. "मी हात केला होता मास्तर. तुमी थांब म्हनलं."

मला कळायला क्षणही लागला नाही. जाऊन राह्यली. जाते आहे. अजून गेलेली नाही. पुण्याचा प्रेक्षक उलटा अर्थ घेईल म्हणून आम्ही बेचाळीस ठिकाणी जे काढलं होतं तेच कारूने घोरपड्यांना जसंच्या तसं सांगितलं होतं, आणि घोरपड्यांनी त्याचं 'गेली' केलं होतं; त्यांना आमची यादी माहीत नव्हती. ती फक्त दोन माणसांना माहीत होती. वेर्णेकर माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "मास्तर, तो नेमकं काय म्हणाला?" मी सांगितलं. ते जीपमध्ये मागे चढून बसले. वाटभर ते खोकलेसुद्धा नाहीत.

बारा मैलांची ती बैलबंडीची वाट. नाल्यात जीपचं चाक रुतलं, आम्ही उतरून ढकललं. लटारी ढकलत नव्हता. तो पुढे निघून गेला होता, पाण्यातून, ओला, आणि पलीकडे आम्ही त्याला पुन्हा गाडीत घेतलं. गावात पोचलो तेव्हा अंधार पडला होता. अंगणात बायका बसल्या होत्या. शेजारीण लटारीला बघून उभी राहिली आणि म्हणाली, "दिवा लावला आन् गेली. हे आता. अजून आंग गरम आहे, भाऊ."

लटारी आत गेला. मी उंबऱ्यापाशी उभा होतो आणि जे पाहिलं तेवढंच लिहितो. त्याने कोपऱ्यातला तांब्या उचलला, मडक्यातून भरून घेतला, तिच्याजवळ बसला. तिचं तोंड हाताने आपल्याकडे वळवलं. थोडं पाणी घातलं. ते बाहेर ओघळलं. त्याने मुंडासं सोडलं आणि त्याच्या टोकाने तिचा गाल पुसला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोरपड्यांना शब्दाचा घोळ समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला तुम्ही कुणी सांगायचं होतं." बरोबर होतं. आम्ही कुणी सांगायचं होतं. मी वेळेचा हिशेब पुन्हा पुन्हा करतो. पाचच्या आत पहिला शॉट झाला होता. तेव्हाच निघालो असतो तर नाल्यात रुतूनही दिवा लागायच्या आधी पोचलो असतो. निरोप घोरपड्यांनी दाबला, अर्थ भाषेने फिरवला, पण ती पाऊण तासाची वेळ ज्याने नेली तो हात वर करणारा माणूस मी होतो.

वेर्णेकर जाताना मला म्हणाले, "पुण्याला या. तुमची नजर चांगली आहे." मी गेलो. याला काय म्हणायचं मला माहीत नाही. शाळेत परत जाऊन मुलांसमोर उभं राहवेना, एवढं खरं. वेर्णेकरांकडे मी सहा वर्षं शिकलो. माझ्या संवादांतली वाक्यं त्यांनी पुढेही कापली, पण त्या हिवाळ्यानंतर कापण्याआधी विचारू लागले, "यातलं एखादं जरुरीचं आहे का, मास्तर?" ते गेले तेव्हा त्यांच्या कोटाच्या खिशात खडीसाखर होती. यादीही होती, बेचाळीस शब्दांची, माझ्या अक्षरातली. ती त्यांनी का ठेवली ते मला विचारता आलं नाही.

सिनेमा वर्षाने चांद्याला लागला. मी मुद्दाम आलो होतो. दुपारच्या खेळाला लटारी भाऊ थेटरात होता. चांद्याला त्याचा साळा राहतो, तिथे उतरला होता. एकटाच बसला होता, मुंडासं मांडीवर. मी शेजारी जाऊन बसलो. त्याने ओळखलं, सरकून जागा दिली. त्याला मी अजून काही सांगितलं नव्हतं. ना पाण्याचं, ना हात वर केल्याचं. सांगायचं ठरवून आलो होतो.

पडद्यावर तो आला, दुसऱ्याच्या आवाजात बोलला. थेटरातल्या लटारीने हळूच म्हटलं, "आवाज माहा नाई. चाल माही आहे."

मग तो शॉट आला. जंगलातून म्हातारा बाहेर पडला, आणि दुसऱ्या तुकड्यात धुऱ्यावरून चालू लागला. टोक उजवीकडे, इकडे आणि तिकडे. सांधा कुठे आहे ते मलासुद्धा दिसलं नाही. मी आजूबाजूला पाहिलं. पुढचा माणूस शेंगा सोलत होता. त्याच्या शेजारचा वाकून चप्पल शोधत होता.

लटारीने माझ्या मनगटाला हात लावला. "मास्तर, हे त्या दिसचंच नं?"

"हो."

"दुसऱ्या खेपेचं. ढग गेल्यावरचं."

"हो, लटारी भाऊ."

तो पडद्याकडे बघत होता. धुऱ्यावरचा म्हातारा जवळ जवळ येत होता, मागे ऊन, अजून बरीच वाट बाकी.

"म्हंजे आता या टायमाले," तो म्हणाला, "बुढी अजून जाऊनच राह्यली आहे."

तो तुकडा संपला. त्याने मुंडासं डोक्याला गुंडाळलं, उठला आणि लोकांचे गुडघे ओलांडत बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला तो पुन्हा आला, आणि तिसऱ्या दिवशीही. त्या शॉटपर्यंत बसे आणि मग उठून जाई. मी मागच्या रांगेतून पाहत होतो; सांगायचं ते सांगितलं नव्हतंच. टोक कधी डावीकडे असे, कधी उजवीकडे.